बिनदुधाचे पाच महिने

“मिसेस टिकेकर गोळी कशाबरोबर घेतात?” असं त्या डायटिशियन मुलीनं विचारलं, तेव्हा श्रीरंगला खरं तर बरंच वाटलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, मळमळतं का, स्वप्नं पडतात का, सगळं विचारून झालं होतं. कशाबरोबर, हे मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं, आणि नेमकं तेच तर त्याच्याकडचं काम होतं. “विथ मिल्क,” तो म्हणाला. “हॉट मिल्क. अ फुल ग्लास.” मुलीचं पेन कागदावर टेकलं आणि तिथंच थांबलं. “एव्हरी टाइम?” तिनं विचारलं. “फोर टाइम्स अ डे. मोर दॅन थ्री इयर्स. नेव्हर मिस्ड वन,” तो म्हणाला, आणि म्हणताना त्याची मान जराशी ताठही झाली. मधले पाच महिने दूध बंद होतं हे त्याला लगेच आठवलं. पण त्याचं कारण वेगळं होतं, आणि हे सगळं त्या पोरीला सांगत कोण बसणार, म्हणून त्यानं ते गाळलं.

मुलगी त्याच्या लेकीपेक्षा, नीलापेक्षाही लहान असेल. गालांवर पुटकुळ्या, गळ्यात नावाचा बिल्ला, आणि आवाजात ती इथली, अमेरिकेतली खास काळजी, जी ऐकली की माणसाला उगाचच आपलं कुणीतरी गेलंय असं वाटायला लागतं. तिनं सांगितलं ते फार नव्हतं. दुधातलं प्रोटीन आणि ही पिवळी गोळी पोटातून रक्तात जायला एकच वाट वापरतात. दोन्ही एकदम आली की प्रोटीन पुढे घुसतं आणि गोळी मागे राहते. बरीचशी कामाला येतच नाही. म्हणून गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, खाण्याच्या आधी, आणि दूध, डाळ, दही जे काही असेल ते संध्याकाळच्या जेवणात. नर्सनं टिपून ठेवलं होतं म्हणे, की पेशंटचे मिस्टर दुधाचा फार आग्रह धरतात, म्हणून ती चौकशीला आली होती. “इट्स नॉट युअर फॉल्ट,” ती म्हणाली. “अ लॉट ऑफ डॉक्टर्स डोन्ट थिंक ऑफ इट आयदर.” हल्ली हल्लीच यावर जास्त लिहून यायला लागलंय, असंही म्हणाली. मग एक झेरॉक्सचा कागद त्याच्या हातात देऊन, दंडाला हलकेच हात लावून ती पुढच्या खोलीत गेली. तिची चार मिनिटं गेली असतील, श्रीरंगची साडेतीन वर्षं गेली. तो कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीजवळ प्लॅस्टिकची खुर्ची होती तिच्यावर जाऊन बसला.

खाली पार्किंग लॉट होता, त्याच्या कडेला बर्फाचे शेवटचे काळे ढिगारे विरघळत होते. एप्रिल लागून आठवडा झाला होता. घड्याळात अडीच. आत बारा नंबरच्या खोलीत त्याची बायको उत्तरा सकाळच्या व्यायामानं थकून पडली होती. व्यायाम म्हणजे काय, तर दोन दांड्यांच्या मध्ये उभं राहायचं आणि दोन बायकांनी दोन बाजूंनी धरायचं. फेब्रुवारीत खुब्याचं हाड मोडलं, ते जोडलं. मग न्यूमोनिया झाला, तो कसाबसा उतरला. आणि आता या रिहॅब सेंटरमध्ये सहावा आठवडा चालला होता. आवाज इतका खोल गेला होता, की ओठांशी कान न्यावा तेव्हा शब्द कळायचा, तोही पहिल्या खेपेला नाही. डॉक्टर हल्ली ‘वॉकिंग’ हा शब्द वापरत नव्हते, ‘ट्रान्सफर’ म्हणत होते; पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. नीला बॉस्टनहून निघाली होती, चारच्या सुमाराला पोचणार होती. चारलाच पुढची गोळी. त्याच्या आत हे उत्तराला सांगायचं होतं, किंवा सांगायचं नव्हतं. तो आयुष्यभर पुलांच्या भेगा तपासत आला होता आणि भेग दिसली की लिहायची, लपवायची नाही, हे त्यानं हाताखालच्या पोरांना शिकवलं होतं. शिकवायला काय जातं. इथं भेग बारा नंबरच्या खोलीत होती आणि ती त्यानंच पाडली होती.

गंमत अशी, की आयुष्यात त्याला स्वयंपाकघरातलं तेवढं एकच काम आलं. नागपूरला लहानपणी मलेरिया झाला तेव्हा आई क्विनाइनची गोळी द्यायची आणि वर पेलाभर दूध. गोळी उष्ण, पोटात आग पाडते, दूध तिला शांत करतं. यात शंका घ्यायची असते हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. त्र्याऐंशीच्या शरदात उत्तराला कंपवातासाठी ही गोळी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी तिला उमळून आलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, विथ समथिंग इन द स्टमक. समथिंग म्हणजे दुसरं काय असणार? श्रीरंगनं त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा गॅसवर पातेलं चढवलं. उत्तरा डायनिंग टेबलाशी बसून बघत होती, तिचा उजवा हात मांडीवर आपला आपण मण्यांची माळ ओढल्यासारखा हलत होता, आणि ती हसत होती. “अहो, उतू जाईल हं. नजर काढू नका. दूध आणि सासू, दोघींकडे पाठ करायची नाही.” गेलंच उतू. दुसऱ्या दिवशी नाही गेलं. महिन्याभरात त्याला पातेल्याच्या आवाजावरून कळायला लागलं, आता साय धरतेय, आता वर येणार. सकाळी सहाचं दूध, अकराचं थर्मासात भरून तिच्या खुर्चीशी, चारचं दुसऱ्या थर्मासात, आणि नऊचं पुन्हा ताजं. ऑफिसला जाताना दोन थर्मास शेजारी शेजारी ठेवून तो निघायचा आणि वाटेत रूट एटीवर गाडी चालवताना त्याला आपण नवरा असल्यासारखं वाटायचं. लग्नाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत तसं फारसं वाटलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात आणि तो ड्रॉइंगबोर्डापाशी, असाच संसार झाला होता. आजारानं का होईना, त्याला आत यायला दार मिळालं, असं तो मनाशी म्हणायचा.

आणि जसजशी ती खालावत गेली, तसतसं त्यानं दूध वाढवलं. वजन उतरायला लागलं म्हणून त्यानं दुधात बदामाची पूड घालायला सुरुवात केली. मग दोन चमचे मिल्क पावडर. मग पार्सिपनीच्या भारतीय दुकानात काजू मिळायला लागले, ते वाटून. तुळई वाकली की लोखंड वाढवायचं, इतकं सरळ होतं ते त्याच्या डोक्यात. दूध दाट होत गेलं आणि उत्तरा थिजत गेली. पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात ती दारातून आत येताना उंबऱ्याशी उभीच राहायची, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. आत यायचं असायचं, येता यायचं नाही. नीलाचा फोन आला की रिसीव्हर कानाला धरून नुसती ऐकत बसायची. न्यूरॉलॉजिस्ट म्हणायचे, धिस इज द डिझीज, आणि गोळी वाढवायचे. मग वाढलेल्या गोळीबरोबर वाढलेलं दूध. श्रीरंग हे सगळं आलेखाच्या कागदावर मांडत होता. सोफ्यापासून मागच्या दारापर्यंत तिला चालायला किती सेकंद लागतात, ते तो रोज संध्याकाळी स्टॉपवॉचवर मोजायचा. अठ्ठावीस, चौतीस, एक्केचाळीस. रेघ वर चढत होती आणि तिच्या पायथ्याशी तारीख, गोळ्या, झोप, पाऊस, बद्धकोष्ठ, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. दुधाचा रकाना नव्हता. पाण्याचाही नव्हता, हवेचाही नव्हता.

चायनाटाउनचं नाव काढलं ते ओळखीतल्या पद्मिनीवहिनींनी. त्यांच्या यजमानांच्या ऑफिसमधला कुणी चिनी इंजिनिअर, त्याच्या आईचे हात असेच थरथरत होते, तिला एका म्हाताऱ्या वैद्याच्या काढ्यानं उतार पडला, वगैरे. “बघा तर जाऊन, श्रीरंगभाऊ. नाहीतरी इथले डॉक्टर काय, गोळी वाढवतात आणि पुढच्या महिन्यात या म्हणतात.” नीला फोनवर भडकली. ती बॉस्टनला एका लॅबमध्ये काम करायची आणि उंदरांच्या मेंदूचे काप काढायची, तेव्हा तिला बोलायचा अधिकार होता. “बाबा, दे आर ट्विग्ज. यू आर गोइंग टू गिव्ह हर बॉइल्ड ट्विग्ज?” श्रीरंग म्हणाला, “बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, इथं तर पाकीटभर काड्या देतात.” उत्तरा हसली. चेहऱ्यावर नाही, चेहरा तेव्हाच गेला होता, घशातून हसली. नीलाला म्हण कळली नाही, ती मराठीत समजावून सांगेपर्यंत फोन ठेवायची वेळ झाली.

म्हाताऱ्याचं नाव लाऊ. दुकान अरुंद, भिंतभर छोटे छोटे ड्रॉवर, आणि आत शिरताच सुंठ, ओली माती आणि जुनं लाकूड असा एक वास. लाऊंना इंग्रजी येत नव्हतं, त्यांची सून मध्ये उभी राहून सांगायची. त्यांनी उत्तराचा हात एका उशीवर ठेवून घेतला आणि मनगटावर तीन बोटं टेकवली. श्रीरंगला गलबलून आलं, कारण नागपूरचे वैद्यही असाच हात धरायचे. आणि दुसरं असं, की अमेरिकेतल्या एकाही डॉक्टरनं तो थरथरणारा हात इतका वेळ धरून ठेवला नव्हता. मग जीभ पाहिली. जिभेवरचा पांढरा थर सुनेला बोटानं दाखवला आणि बराच वेळ बोलत राहिले. आत वारा आहे, कफ आहे, वारा कफाला हलवतो. सगळं श्रीरंगला ओळखीचं वाटलं. छोट्या तागडीत काड्या तोलल्या गेल्या. त्यांना प्रत्येक पेऱ्यावर गळासारखे दोन उलटे आकडे होते. वेलीचे आकडे, सून म्हणाली, हे वाऱ्याला पकडून ठेवतात. शिवाय कसलीशी मुळं, साल, आणि वाळलेले काप. तीन वाट्या पाण्याची एक वाटी करायची. “अँड फादर-इन-लॉ सेज, नो मिल्क. नो कोल्ड ड्रिंक. नो बीफ.” बीफचं ऐकून श्रीरंग हसला. उत्तरानं त्याच्याकडे बघून कसाबसा एक शब्द उच्चारला, “चहा?” सुनेनं सासऱ्याला विचारलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. “टी येस. मिल्क नो.”

आता पथ्य म्हटलं की पथ्य. औषध घ्यायचं आणि पथ्य मोडायचं हे श्रीरंगच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. काढा सुरू झाला त्या दिवशी त्यानं दूध बंद केलं, दही बंद केलं, पातेलं घासून वरच्या फळीवर ठेवलं आणि पिवळी गोळी पाण्याबरोबर द्यायला लागला. जड गेलं. थर्मास रिकामे दिसले की त्याला अपराधी वाटायचं. आणि दहाव्या दिवशी सकाळी उत्तरा त्याच्या आधी उठून स्वयंपाकघरात उभी होती. आपल्या पायांनी आली होती, एका हातानं ओटा धरला होता, दुसऱ्या हातानं काढ्याच्या मातीच्या भांड्यावरचं झाकण उचलून वास घेत होती. “शी,” ती म्हणाली, आणि ते त्याला दारातून ऐकू आलं. दारातून! त्या संध्याकाळी बावीस सेकंद लागले. जूनअखेर सोळा. ब्लाउजची बटणं ती स्वतः लावायला लागली. जुलैत तिनं नीलाला फोनवर दहा मिनिटं झापलं, कसला तरी मुलगा होता त्यावरून, आणि श्रीरंग दुसऱ्या खोलीत एक्स्टेन्शन उचलून गुपचूप ऐकत होता, डोळे पुसत होता. सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीला नीला आली. तिनं आईला परसात टोमॅटो तोडताना पाहिलं. श्रीरंगनं तिच्यापुढे आलेख पसरला. ती रेघ एक्केचाळीसवरून कशी खाली आली होती! “हातच्या काकणाला आरसा कशाला? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग काय झालं ते कळतं. मी एकच गोष्ट बदलली,” तो म्हणाला. नीला बराच वेळ कागद पाहत राहिली. “एनीथिंग एल्स? डाएट? एनीथिंग?” तिनं विचारलं होतं. खरंच विचारलं होतं. आता खुर्चीत बसून त्याला तिचं बोट आठवलं, तारखांच्या रकान्यावरून सरकणारं. “नथिंग. थोडं पथ्य आहे, बस,” तो म्हणाला होता. पथ्य हा औषधाचाच भाग असतो. औषधामुळे गुण येतो, पथ्यामुळे नुसता टिकतो. हे त्याला इतकं ठाऊक होतं, की त्यानं त्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

मग माज चढला. याला दुसरा शब्द नाही. काड्यांनी गुण येतोय तर ही गोळी कशाला, असं त्याला वाटायला लागलं. न्यूरॉलॉजिस्टना त्यानं काढ्याचं सांगितलंच नव्हतं, आता गोळीचंही सांगितलं नाही. ऑक्टोबरात चाराच्या तीन केल्या. रेघ हलली नाही. दिवाळीच्या आधी दोन केल्या. जरा हलली, पण जराच. आणि दिवाळीच्या पहाटे उत्तरानं फराळाचं ताट समोर घेतलं आणि म्हणाली, “अहो, पाच महिने काळा चहा पितेय. आज एक कप खरा चहा पिऊ का?” तिच्या आवाजात लाडीगोडी होती. कित्येक वर्षांत ती नव्हती. श्रीरंगला इतका आनंद झाला, की त्यानं वरच्या फळीवरचं पातेलं काढलं. चहा झाला, मग बासुंदी झाली, मग थंडी पडली तसं पुन्हा सकाळसंध्याकाळ दूध झालं, बदाम घालून, कारण तिला ते आवडायचं आणि त्याला ते करायला आवडायचं. म्हातारा वैद्य काही बघायला येत नव्हता. नोव्हेंबरअखेर तीस सेकंद. नाताळात तिला उंबऱ्याशी पुन्हा अडकायला झालं. जानेवारीत त्यानं घाबरून गोळ्या परत चार केल्या, काढा दुप्पट केला आणि अर्थातच दूधही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी ती बाथरूममध्ये पडली.

ती ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आली त्याच्या चौथ्या दिवशी तो उरलेली पाकिटं घेऊन चायनाटाउनला गेला होता. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यानं पाकिटं काउंटरवर आपटली. तुम्ही माल बदलला, भेसळ केली, आधी चांगलं देऊन माणसाला नादी लावलंत आणि मग कचरा भरलात, असं सगळं तो इंग्रजीत ओरडला, आणि इंग्रजी पुरेना तेव्हा मराठीत. सून पांढरीफटक पडली. लाऊंनी शांतपणे एक पाकीट उघडलं, आकडेवाली काडी काढली, हुंगली, दाताखाली धरून चावली आणि सुनेला दोन वाक्यं सांगितली. “ही सेज इट इज सेम,” सून म्हणाली. “ही इज आस्किंग, शी इज स्टिल कीपिंग द फूड रूल?” श्रीरंगचा तोल गेला होता. “माझी बायको हाड मोडून पडलीय आणि तुम्ही फूड रूल विचारता?” तो म्हणाला आणि दार आपटून बाहेर आला. मागे म्हातारा ती अर्धी चावलेली काडी हातात धरून उभा होता. श्रीरंगला आता त्या म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. आणि लगेच वाटलं, डोकं ठेवून सांगणार काय? त्या काड्यांत गुण होता की नव्हता, हे तरी आता कुणाला कळणार होतं? असेलही. पाच महिन्यांतला काही वाटा त्या आकड्यांचा असेलही. कदाचित कुणीतरी, कुठल्यातरी लॅबमध्ये, नीट मोजून ते एक दिवस काढेल. उत्तराच्या बाबतीत मात्र ते कायमचं पुसलं गेलं होतं, कारण श्रीरंग टिकेकर, बी.ई., एम.एस., यानं एकच गोष्ट बदलतोय असं म्हणत दोन बदलल्या होत्या, आणि मग दोन्ही नासवल्या होत्या.

साडेतीन वाजले. त्यानं न सांगायचं ठरवलं. सांगून तिला काय मिळणार? पाणी द्यायला लागायचं, तिनं विचारलं तर नवा नियम आहे म्हणायचं. तो उठला, कागदाची घडी करून खिशात घातली, खोलीत गेला आणि तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला. ती जागी होती. उशीवर डोकं जसं ठेवलं होतं तसंच होतं, डोळे छताकडे. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि तीन वाक्यं इकडचीतिकडची बोलला. नीला निघालीय, बाहेर ऊन आहे, बर्फ संपत आलाय. आणि चौथ्या वाक्याला सगळं सांगून मोकळा झाला. ठरवलेलं कुठे गेलं कुणास ठाऊक. दूध, गोळी, एकच वाट, बदाम, थर्मास, पाच महिने, दिवाळीचा चहा, म्हाताऱ्याचा प्रश्न, काहीच ठेवलं नाही. “मी तुझी गोळी तुला लागूच दिली नाही, उत्तरा. मीच. रोज चार वेळा,” तो म्हणाला, आणि त्याला हुंदका आला.

मग तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. आयुष्यभर तो चेहरा वाचत आला होता. तिला राग आला की डावी भुवई अगदी थोडी वर जायची, भाजी खारट झाल्याचं तिच्या आधी तिच्या ओठांना कळायचं. आता तिथं काही हललं नाही. आजारानं चेहरा पुसून गुळगुळीत करून ठेवला होता. पापणीसुद्धा मिनिटाला दोनदा लवत होती. तिला कळलं होतं? धक्का बसला होता? ती त्याला क्षमा करत होती, की शाप देत होती? तो वाट पाहत राहिला. मिनिटभर, दोन मिनिटं. रागाव, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटलं; नुसती भुवई तरी उचल. काही नाही. शेवटी तिचे ओठ हलायला लागले. त्यानं कान अगदी जवळ नेला. तिच्या श्वासाला औषधाचा वास येत होता. पहिल्यांदा कळलं नाही. “काय? काय म्हणालीस?” ती पुन्हा सगळी ताकद गोळा करत होती, तिच्या गळ्याची शीर ताणली होती.

“नीलाला... सांगू नका.”

तो तसाच वाकलेला राहिला. बाहेर ट्रॉलीचा आवाज आला, कुणीतरी हसलं. तिला काय म्हणायचं होतं ते त्याला विचारायचं होतं. पोरीच्या नजरेतून आपण उतरू नये म्हणून हे म्हणाली, की उतरण्याइतकी मोठी चूक आहे हे तिनं मान्य केलं म्हणून? की आपण गेल्यावर या दोघांना एकमेकांशिवाय कुणी उरणार नाही, हा हिशेब तिनं एवढ्यात केला? तो विचारू शकला नाही. ती एवढं बोलूनच दमली होती, डोळे मिटले होते. ही क्षमा असेल तर अशा क्षमेसारखं ओझं नाही, एवढं मात्र त्याला समजलं. आता हे कुणालाच सांगता येणार नव्हतं, मरेपर्यंत.

चारला पाच कमी असताना नीला आली. केस विस्कटलेले, खांद्यावर बॅग, अंगाला लांबच्या ड्रायव्हिंगचा शीण. “हाय आई. हाय बाबा. ट्रॅफिक वॉज हॉरिबल.” तिनं आईच्या कपाळावर ओठ टेकले, घड्याळ पाहिलं आणि ट्रेवरचा गोळीचा कागदी कप उचलला. तीही तयार झाली होती आता. दुपारच्या ट्रेमधला दुधाचा खोका शोधून तिनं अंगठ्यानं त्याचं तोंड उघडलं. “कोल्ड आहे, बाबा. नर्सला सांगून वॉर्म करून आणू?”

“नको,” श्रीरंग म्हणाला. “पाणी देऊ. दूध नाही द्यायचं.”

“का? व्हॉट हॅपन्ड?”

उत्तराचे डोळे उघडले होते. ते त्याच्याकडे होते की त्याच्या मागच्या भिंतीकडे, ते कळत नव्हतं. खिशातला कागद त्याच्या मांडीला टोचत होता. ती बिल्लेवाली मुलगी उद्या येईल, नाहीतर परवा, नीलाला गाठून सगळं गोड आवाजात समजावून सांगेल. म्हणजे हे जेमतेम दोन दिवस टिकणार. तरी त्यानं तोंड उघडलं.

“त्या चिनी वैद्याचं पथ्य परत सुरू करायचं म्हणतोय.”

दुधाचा उघडा खोका नीलाच्या हातात होता. “ओ गॉड, बाबा,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. “आफ्टर ऑल धिस? शी इज लाइंग हिअर विथ अ ब्रोकन हिप अँड यू आर स्टिल... स्टिल?”

“हो,” तो म्हणाला. “स्टिल.” आणि कागदी ग्लासात पाणी भरून, एक हात उत्तराच्या मानेखाली घालून, त्यानं तिचं डोकं उचललं.